मैदान पडीक नव्हतं

पंचविशीत माझं अक्षर फार सुंदर होतं, आणि ते सुंदर आहे हे मला चांगलं माहीत होतं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी जमिनीच्या टेबलावर कारकून होतो. तालुक्याकडून आलेले अहवाल वाचायचे, त्यांवरून साहेबांसाठी टिपण तयार करायचं आणि हेडक्लार्कसमोर ठेवायचं, एवढंच काम. हेडक्लार्क जुन्या वळणाचे गृहस्थ होते. धोतर, काळा कोट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कुणाची स्तुती करायची त्यांना सवय नव्हती. पण माझं एखादं टिपण एक शब्दही न खोडता त्यांनी पुढे पाठवलं, की मला दिवसभर बरं वाटायचं. डोंबिवलीला परतताना मी गाडीत पुढच्या टिपणाची वाक्यं मनात जुळवत बसायचो.

आई, बायको आणि मी डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि डोंबिवली अजून एवढीशी होती. स्टेशनजवळच्या चाळी संपल्या, की रुळांच्या कडेने ठाकुर्लीच्या बाजूला दहा मिनिटं चालायचं. तिथे भातखाचरं सुरू व्हायच्या आधी जमिनीचा एक मोठा सपाट तुकडा होता. त्याला सगळे नुसतं मैदान म्हणायचे. पलीकडे आगरी वस्तीचं जुनं गाव, अलीकडे आमच्यासारख्या नोकरदारांची बिऱ्हाडं, आणि लांब रेल्वेच्या विजेच्या कारखान्याची धुराडी. संध्याकाळी कारखान्यातले तरुण तिथे व्हॉलीबॉल खेळत. त्यांच्या शेजारी चाळींतल्या पोरांचा हुतूतू रंगे. शनिवारी सकाळी मुलींच्या शाळेच्या मुली खो-खो खेळायला येत. मी स्वतः काही मोठा खेळाडू नव्हतो. रविवारी सकाळी जायचो, कुणी घेतलं तर हुतूतूत उतरायचो आणि पहिल्या दोन-तीन गड्यांत बाद होऊन बाहेर बसायचो.

मैदान आपोआप मैदान राहत नाही, हे मला फिटरकाकांमुळे कळलं. काका विजेच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. साठीच्या पुढचे, बुटके, खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला म्हणून मैदानावर आले, एक दगड दिसला तो उचलून कडेला टाकला, आणि मग रोजच येत राहिले, असं ते सांगायचे. मोडीत निघालेल्या एका जाड पाइपात काँक्रीट ठासून त्यांनी रूळ केला होता. तो ओढायला चार माणसं लागत. पावसाळा संपला, की मैदानाची खरी कामं निघायची. खेकड्यांनी पोखरलेली बिळं बुजवायची, माजलेला टाकळा मुळासकट उपटायचा, पाण्याने वाहून गेलेल्या जागी मुरूम टाकून धुमसाने ठोकायचा. चारी बाजूंनी काकांनी चर खणला होता. कितीही पाऊस पडला तरी दोन दिवसांत मैदान पायाखाली घट्ट लागे. ते दोन दिवस मात्र कुणाला आत पाऊल टाकू देत नसत. एकदा एका लग्नघराने मांडवासाठी मैदानात खुंट ठोकले, तर वरात निघून गेल्यावर काकांनी प्रत्येक खड्डा मोजून वधूपित्याला बुजवायला लावला होता. तोही बिचारा फेटा काढून, धोतर खोचून कामाला लागला.

माझ्या गोष्टीच्या आदल्या वर्षी शाळेतल्या एका मुलीचा पाय म्हशीच्या खुराने झालेल्या खड्ड्यात गेला आणि घोट्याचं हाड मोडलं. काकांनी ते मनाला लावून घेतलं. मैदान राखायचं काम आपलं, मग त्या मुलीचा पाय आपणच मोडला, असं काहीसं त्यांचं म्हणणं. लढाई संपल्यावर कल्याणकडच्या लष्करी छावण्यांतलं सामान निकालात निघालं होतं. त्यातली काटेरी तारेची भेंडोळी आणि लोखंडी खांब कुणीतरी मिळवून दिले. दोन रविवारांत आम्ही तीस-चाळीस जणांनी मैदानाला कुंपण घातलं. मीही तार धरून उभा होतो. हाताला ओरखडे आले ते घरी कौतुकाने दाखवले. गावातली गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या मैदानातून पलीकडच्या ओढ्यावर पाण्याला जात, हे आम्हाला दिसत होतं. आता ती खाचरांच्या बांधावरून लांबचा वळसा घालून जाऊ लागली, हेही दिसत होतं. पण गावाला विचारावं असं आमच्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर एक फाइल आली. लाकडाच्या एका व्यापाऱ्याने वखारीसाठी सरकारी जागा मागितली होती. जागेचा सर्व्हे नंबर, गुंठे, आणि चार रेघांचा नकाशा. तलाठ्याचा अहवाल दोन ओळींचा होता. सदर जागा गवताळ असून तीवर कोणतेही पीक नाही, गुरे चारण्याकडे सध्या वापर नाही. खाली पंचांचे अंगठे; त्यांची नावं मी वाचली नाहीत. अहवालात खोटं काहीच नव्हतं.

मी टिपण लिहायला घेतलं. त्या दिवशी हात छान चालत होता. मी लिहिलं, ‘सदर जागा पडीक असून कोणत्याही सार्वजनिक उपयोगात नाही.’ अहवालात ‘पडीक’ हा शब्द नव्हता आणि ‘सार्वजनिक उपयोग’ तर नव्हताच. पण वाक्य कसं गोल झालं. वाचायला भारदस्त. हेडक्लार्कनी वाचलं, मान हलवली आणि फाइल पुढे गेली. सर्व्हे नंबरावरून ते आपलं मैदान आहे हे मला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण आपण रोज पाहतो त्या जागेला नंबर असतो हेच कुणाच्या ध्यानात नसतं.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी मैदानावर गेलो, तर कोपऱ्यातल्या चिंचेजवळ घोळका जमला होता. खोडाला नोटीस चिकटवली होती. कारखान्यातला एक तरुण ती मोठ्याने वाचत होता. अमुक नंबरची जागा वखारीसाठी देण्याचं योजलं आहे, कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी कळवावी. आणि मधेच ते वाक्य आलं. सदर जागा पडीक असून कोणत्याही सार्वजनिक उपयोगात नाही. तो तरुण वाचताना अडखळला नाही, इतकं ते वाक्य सफाईदार होतं. माझ्या कानशिलांत एकदम गरम झालं.

घोळक्यात संताप होता. कुणी म्हणालं पैसे चारले असतील, कुणी म्हणालं तलाठी फुटला. फिटरकाकांनी मात्र नोटीस स्वतः पुन्हा वाचली. मग शांतपणे म्हणाले, “ज्याने लिहिलंय तो माणूस इथे आलेला दिसत नाही.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी ठाण्याच्या कचेरीत आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे, हे त्यांना माहीत होतं. हरकतीचा अर्ज मीच लिहून द्यावा, असं ते म्हणाले. बाकीच्यांनीही दुजोरा दिला. मी मान हलवली. हो म्हणालो की नाही, ते मलाही कळलं नाही.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. कचेरीत बसलो की ती फाइल समोरच्या कपाटात आहे एवढंच डोक्यात. घरी जेवण जाईना. आईला वाटलं पोट बिघडलं, तिने ताकात हिंग घालून दिला. बायकोला काही ते पटलं नाही. चौथ्या दिवशी तिने ताट पुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली. मी तिला सगळं सांगितलं. नोकरी जाईल, मैदानावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, लोक म्हणतील यानेच पैसे खाल्ले. ती वीस वर्षांची होती तेव्हा. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, “काका तुम्हाला मारतील का?”

“मारतील कशाला?”

“मग आधी त्यांना सांगा. कचेरीचं नंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आधी मी मैदानावर गेलो. काका एकटेच होते. उकिडवे बसून खेकड्याच्या एका बिळात खडी सारत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ते वाक्य माझं आहे, मी जागा न पाहता लिहिलं, दोन शब्द तर पदरचे घातले. काकांनी वर पाहिलं नाही. बिळात आणखी दोन मुठी खडी घातली, वरून मुरूम ओढला. मग म्हणाले, “ठोक जरा.”

मी धुमस उचलला आणि ठोकलं. पाच-सात ठोके झाल्यावर त्यांनी हाताने थांबवलं, तळव्याने जागा चाचपून पाहिली आणि उठले. मी कारखान्यात तीस वर्षं होतो, ते म्हणाले, चुकीचा नट बसवला तर तो बसवणाऱ्यानेच काढायचा, दुसरा काढायला गेला की आटे जातात. अर्ज आम्ही कुणाकडून तरी लिहून घेऊ. तू तुझ्या साहेबाला सांग.

रागावलेले ते दिसत नव्हते. पण मला जवळ घेऊन पाठ थोपटावी, तसंही काही त्यांनी केलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी कचेरीत मी दुपारपर्यंत वेळ काढला. मधल्या सुट्टीत हेडक्लार्क डबा संपवून सुपारी कातरत होते, तेव्हा त्यांच्या टेबलापाशी गेलो. मी सांगत असताना ते कातरतच राहिले. सांगून झालं तसे उठले, कपाटातून फाइल काढली, तलाठ्याचा अहवाल आणि माझं टिपण शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

“सार्वजनिक हा शब्द कुठून आला?”

“माझ्याकडून आला.”

“का?”

 मी खरं तेच सांगितलं, की वाक्य चांगलं दिसत होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माझीही सही आहे त्याखाली, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग मला कोरा कागद दिला आणि दुसरं टिपण लिहायला सांगितलं. मूळ अहवालात नसलेला मजकूर माझ्या हातून नजरचुकीने पडला आहे, तरी प्रत्यक्ष जागेची पाहणी होईपर्यंत निर्णय होऊ नये. मी लिहून नेलं. ‘नजरचुकीने’ हा शब्द त्यांनी खोडला आणि ‘चुकीने’ केला. माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि फाइल साहेबांकडे नेली. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले की साहेब स्वतः पाहणीला जातील, आणि फाइल घेऊन तुम्हाला बरोबर जायचं आहे.

नोकरीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तरी त्या संध्याकाळी घरी जाऊन मी दोन वेळा भात मागून घेतला.

आता प्रश्न गावाचा होता. तलाठ्याच्या पंचनाम्यावर तीन अंगठे होते. त्यांतला एक, फाइलमधल्या नावावरून मला कळलं, आमच्याकडे रोज दूध घालणाऱ्या दादांचा होता. आगरी वस्तीतले हे दादा पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. पहाटे कावड घेऊन यायचे, आई पातेलं पुढे करायची, ते मापाने दूध घालून वर थोडं ओतायचे. साहेब पाहणीला आले, की पंचांना विचारणार हे उघड होतं. दादांनी पुन्हा तेच सांगितलं, तर माझं दुसरं टिपण असून नसल्यासारखं होतं.

एका सकाळी मी दारात थांबून त्यांना गाठलं. पंचनाम्याचं विचारल्यावर त्यांनी माप खाली ठेवलं.

“भाऊ, मी खोटं सांगलं नाय. त्यांनी इचारलं, गुरं चरतान का? मी बोललो, नाय चरत. तुमी तार मारली, मंग कशी चरतील?”

 आई पातेलं धरून उभीच होती. दादा मग स्वतःच पुढे बोलले. त्यांच्या आज्यापासून गुरं तिथून ओढ्याला जात होती. आता बांधावरून जायचं तर एक गाभण म्हैस घसरून चिखलात रुतली, चार माणसांनी ओढून काढली. तार मारायच्या आधी एक माणूस जरी गावात विचारायला आला असता, तर त्यांनीच बाजूने वाट दाखवली असती. त्यांच्या आवाजात चढ नव्हता. दूध घालून ते पुढच्या बिऱ्हाडाकडे गेले. त्या दिवशीही त्यांनी वर थोडं ओतलंच.

मी काकांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून घेताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं ते म्हणतील, त्या मुलीच्या पायाचं काय. पण म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपी घालून, पायात चपला घालून ते गावात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला बरोबर यायला सांगितलं होतं. दादांच्या ओसरीवर आम्ही बसलो. घरातून कोरा चहा आला. काकांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं, की तार मारण्याआधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, ती चूक माझी. आता वाट कुठून द्यायची ते तुम्ही दाखवा.

दादांनी चहा संपवून बशी खाली ठेवली. मग उठले, आणि तिघंही आम्ही अंधार पडायच्या आत मैदानावर आलो. दादांनी मैदानाची पश्चिमेची कड पायांनी चालून दाखवली. खेळण्याच्या जागेला धक्का न लागता चरालगत दहा हात रुंदीची पट्टी निघत होती. काकांनी खिशातून पकड काढली. घरून निघतानाच ती घेतली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी गावाच्या आणि ओढ्याच्या बाजूची तार स्वतः तोडली. तीन पदर, दोन्ही टोकांना. सुटलेली तार गुंडाळताना दादांनी एका बाजूने हात लावला.

पुढच्या रविवारी ती पट्टी आखली. काही लोक कुरकुरले. इतक्या मेहनतीने घातलेलं कुंपण असं तोडायचं का, गुरं परत आत शिरली तर काय, असं बोलणं झालं. काकांनी वाद घातला नाही. फक्त मुरमाचं घमेलं उचललं आणि पट्टीवर टाकायला लागले. गावातली सात-आठ माणसं फावडी घेऊन आली. त्यांना मुरूम पसरायचा सराव आमच्यापेक्षा जास्त होता. आम्ही सकाळभर जे करत होतो ते त्यांनी दोन तासांत उरकलं. पट्टी आणि मैदान यांच्यामध्ये दादांनी निरगुडीच्या फांद्या रोवल्या. निरगुडी गुरं खात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ती जगली, वाढली आणि तारेपेक्षा चांगलं कुंपण झालं.

पाहणीचा दिवस ठरला तेव्हा मैदानावर बोलणं निघालं, की त्या दिवशी सगळ्या शाळा बोलवाव्यात, लेझमाचं पथक उभं करावं, साहेबांना हार घालावा. काकांना ते पटलं नाही. रोज असतं ते असेल, त्यांनी सांगितलं, जास्त दाखवलं तर ते दाखवलेलं आहे हे कुणालाही कळतं.

त्या दुपारी मी साहेबांच्या जीपमध्ये मागे फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. कल्याणचं एक काम उरकून आम्ही डोंबिवलीला आलो, तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.  साहेब पंजाबकडून आलेले, तरुण, मराठी सावकाश पण नीट बोलणारे. मैदानाच्या कडेला उतरले आणि काही न विचारता सरळ आत चालत गेले. हुतूतूचा डाव चालू होता. एक जण दम घेऊन पलीकडच्या बाजूला शिरलेला, कुणी थांबलं नाही. व्हॉलीबॉलचं जाळं बांधणं चाललं होतं. काका नेहमीच्या बनियनमध्ये चरातला गाळ काढत होते. साहेबांना पाहून ते वर आले, हात झटकले, नमस्कार केला.

साहेबांनी टाचेने जमीन दाबून पाहिली. चर कुणी खणला ते विचारलं. पाणी कुठे जातं ते विचारलं. काकांनी त्यांना ओढ्यापर्यंत नेऊन उतार दाखवला. येताना गुरांची पट्टी लागली, तिच्यात ताजं शेण पडलेलं होतं. साहेबांनी ते ओलांडलं आणि पंच कोण आहेत असं विचारलं. दादा पुढे आले. 

“ही जागा वापरात आहे का?” साहेबांनी विचारलं.

दादांनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सायेब, सकालचे आमची गुरं इथून पान्याला जातान. सांजचे यांची पोरं खेलतान. आमची पन खेलतान आता.”

“पंचनाम्यात तर वेगळं आहे.”

“तवा वाट बंद होती. आता उघडी हाय.”

साहेबांनी मला दादांचं म्हणणं उतरवून घ्यायला सांगितलं. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, काही न जोडता. वाचून दाखवलं. दादांनी अंगठा केला. सहीसाठी कागद घेताना साहेबांनी विचारलं, की पहिलं टिपण लिहिणारा कारकून तो तूच ना. मी हो म्हणालो. इथून किती लांब राहतोस? दहा मिनिटांवर, मी म्हणालो. त्यांनी हसू आवरलं, हे मला दिसलं. पुढे त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. जागेची फाइल माझ्याकडे आली, की ते आधी विचारायचे, पाहून आलास का?

निर्णय यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मैदानावरचे लोक मला रोज विचारत आणि मी रोज माहीत नाही म्हणून सांगे. खरोखर माहीत नव्हतं. ते वाक्य कुणी लिहिलं होतं, हेही एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मीच एका रविवारी सांगून टाकलं. काही जण महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. एकाने हुतूतूत मला मुद्दाम जरा जोरात आपटलं, असं मला वाटलं. मी धूळ झटकून बाहेर बसलो.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी हेडक्लार्कनी मला बोलावलं आणि साहेबांचा शेरा दाखवला. जागा खेळासाठी आणि गुरांच्या वाटेसाठी राखून ठेवावी, वखारीच्या अर्जदाराला शीळफाट्याच्या रस्त्याकडची दुसरी जागा सुचवावी. तो व्यापारी नंतर कचेरीत आला होता. साधा माणूस. नवी जागा गाड्या वळवायला जास्त सोयीची आहे म्हणाला, आणि आपल्या अर्जामुळे कुणाची पोरं खेळायची थांबणार होती, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून हळहळला.

शेरा वाचून मी जागेवर येऊन बसलो.  टाक शाईत बुडवला, आणि तसाच पुसून ठेवला. शेजारच्या कारकुनाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, ठीक आहे. आणि हे म्हणताना गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच ते खरं होतं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि एकदम इतकी झोप यायला लागली की डोळे उघडे ठेवणं कठीण.

डोंबिवलीला उतरलो तो घरी न जाता सरळ मैदानाकडे निघालो. वाटेत बायको भाजी घेऊन येताना भेटली. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. तिला कधी मी मैदानावर नेलं नव्हतं, बायका तिकडे फिरकत नसत. चल म्हटलं, तर पिशवी सावरत निघाली.

काका जाळ्याच्या खांबाशी होते. मी त्यांना शेरा तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा म्हणायला लावला. मग ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले आणि पाठ करून जाळ्याचा ताण बघायला लागले. तो ताण बघायला त्यांना फारच वेळ लागला. वळले तेव्हा डोळे पुसलेले होते. त्यांनी बायकोला, ‘ये, बस,’ म्हटलं आणि चिंचेखालची जागा दाखवली. बातमी मैदानभर पसरली. कारखान्यातल्या मुलांनी चेंडू उंच उडवला. ज्याने मला आपटलं असं मला वाटत होतं, त्याने लांबूनच हात वर केला. कुणीतरी गावात सांगायला धावलं.

दादा आले ते धारा काढायच्या घाईत होते. बातमी ऐकून त्यांनी मान हलवली आणि काकांना विचारलं, की पट्टीचा वरचा भाग जरा खचलाय, तिथे मुरूम कधी टाकायचा. काकांनी सांगितलं, रविवारी. किती घमेली लागतील, कुठून आणायचा, असं त्यांचं बोलणं सुरू झालं. आम्ही दोघं चिंचेखाली बसलो होतो. बायकोने पिशवीतून ओले हरभरे काढले आणि सोलून एकेक माझ्या हातावर ठेवायला लागली. समोर डाव चालू होता. दम घेणाऱ्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. मी बुटांच्या नाड्या सोडल्या, पाय पसरले, आणि आई वाट बघत असेल हे माहीत असूनही उठलो नाही.